गट : घरगुती मशीन

वामनरावले डिवचल्याशिवाय माझा चहा पचत नाही, हे आमच्या गल्लीले माहीत आहे. त्यायच्या बायकोलेही माहीत आहे अन् तिची काही हरकत नाही. म्हणून मार्चातल्या त्या संध्याकाळी, अंगणात पाणी शिंपून सगळे खुर्च्या टाकून बसले होते, तवा मी मुद्दाम मोठ्यानं म्हणलं, "आमच्या मेघाची गोधडी सदरच्या हॉलमधी प्रदर्शनाले चालली. नंबर येणार आहे तिचा."

वामनराव वजनमाप खात्यातून रिटायर झाले. बिना शिक्क्याची कोणतीच गोष्ट त्यायले पटत नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात एका बाजूले सरकवून म्हणले, "गोधडीले नंबर? वहिनी, गोधडी पांघरतेत. तिले नंबर कायचा? म्हशीले देतेत तसा?"

"म्हशीले दूध पाहून देतेत. गोधडीले टाका पाहून."

"पाहते कोण?"

"जज राहतेत. शिकून येतेत ते."

"गोधडी पाहाले शिका लागते काय? मी तं रोज डोळे मिटून पाहतो."

सगळे हसले. मीही हसली. वामनरावले हसणारे लोक मिळाले का ते फुगते, अन् फुगले का फसते. मी म्हणलं, "नंबर नाही आला तं नवतप्यात, भर दुपारी, तीच गोधडी अंगावर घेऊन मी चंद्रभानच्या ठेल्यावर तर्री पोहे खाईन. पण आला तं तुम्ही खायचे. आहे हिंमत?"

नवतपा म्हणजे मे महिन्याच्या शेवटचे ते दिवस, जवा नागपुरात कुत्रंही सावली सोडत नाही. त्या उन्हात लोक अंगातलं बनियन काढाले पाहतेत. वामनरावनं खर्रा थुंकला, हात पुढं केला. "एक्स्ट्रा तर्री मारून," ते म्हणले. टाळी झाली. त्यायची बायको साक्षीदार.

मेघा तिथंच ओट्यावर सांभाराची जुडी निवडत होती. मी विचारलं, "काय वं मेघा, येईन ना नंबर?"

"चालते," ती म्हणली.

प्रश्नाले जवाब जुळला नाही. पण सगळ्यायले सवय झाली होती.

मेघा माझी सून. प्रशिक माझा पोरगा, एकच. मागच्या पावसाळ्यात त्याले ताप आला, ताप डोक्यात गेला अन् तो गेला. इतकंच आहे ते. लोक मले विचारतेत तवा मी इतकंच सांगते, अन् सांगता सांगता समोरच्याच्या शर्टाचं बटन चुकीच्या काजात लागलं आहे हे दाखवते. मेघा रडली नाही. मीही नाही रडली. प्रशिकच्या नावानं पुण्यानुमोदन ठेवलं त्या दिवशी खीर वाटता वाटता मी प्रेमानंदच्या साहेबाची एक चप्पल फुलाच्या गमल्यामागं लपवली. काहून लपवली, माहीत नाही. हात आपोआप जाते तिकडं. साहेब एका पायात चप्पल घालून अंगणभर फिरले अन् सगळे खाली मान घालून उभे. प्रेमानंद म्हणजे माझा नवरा. कळमेश्वरच्या फॅक्टरीत शिफ्ट करते. त्यानं पाह्यलं, अन् खिरीचं भांडं घेऊन पुढं गेला. त्या दिवसापासून तो टीव्हीचे चॅनल बदलते, थांबत कुठंच नाही.

तर मेघा. ती सगळ्याले "चालते" म्हणाची. भाजीत तेल कमी आहे, चालते. कूलरचं पाणी संपलं, चालते. मी चहात साखरेच्या जागी मीठ टाकून देल्लं, तिनं पूर्ण पिऊन टाकला अन् कप धुवून ठेवला. मसाल्याच्या डब्यात रबराची पाल ठेवली. त्या पालीनं माझी नणंद बेशुद्ध पाडली होती एकदा. मेघानं पाल काढली, हळद घेतली, पाल पुसली अन् परत डब्यात ठेवून झाकण लावलं. जशी जिऱ्याच्या बाजूले तिचीच जागा आहे.

उमरेडहून तिचे मायबाप आले. म्हणले, चाल घरी. ती म्हणली, चालते. मंग मी म्हणलं, राहून जा वं. ती म्हणली, चालते. म्हणजे जो शेवटी विचारीन त्याच्याकडं ती राहीन. मी शेवटी विचारलं म्हणून ती माझ्याकडं होती. यात जिंकल्यासारखं काही नव्हतं.

मले एकच पाहिजे होतं. त्या पोरीनं काही तरी मागावं. नाही तं कशाले तरी नाही म्हणावं. भांडावं. माझ्याशीच भांडावं, मले काही फरक पडत नाही. माझी सगळी कारस्थानं त्याच्यासाठी होती, अन् एकही लागू पडत नव्हतं.

माझं मॅचिंग सेंटर आहे, चौकातून आत. फॉल, अस्तर, धागे, लेस. मेघा तिथंच मागं फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. मशीन प्रशिकनंच घेऊन देल्ली होती, मोटरवाली, घरातली साधी. तो गेल्यावर बायका कपडे आणेनाश्या झाल्या. वाईट म्हणून नाही. काय बोलावं समजत नव्हतं म्हणून. मंग मेघानं दुकानातल्या कतरनी जमवल्या, चौकोन जोडले, मधात कापूस, खाली माझं जुनं पांढरं सुती लुगडं, अन् त्याच्यावर शिवत बसली. मशीनमधी कपडा पुढं ओढणारे बारीक दाते राहतेत. ते तिनं खाली पाडले. मंग मशीन कपडा ओढत नाही, आपल्याले दोन्ही हातानं फिरवा लागते. तिनं टाक्यायची जिलेबी काढाले घेतली. बारीक बारीक जिलेबी, एकीतून दुसरी, कुठं एकमेकीवर चढत नाही, सगळा एकच धागा. सकाळी बसायची ते अंधार पडेपर्यंत. मशीनचा आवाज एकसुरी, कूलरसारखा. प्रेमानंद म्हणायचा, त्या आवाजानं झोप लागते. आवाज चालू आहे म्हणजे मेघा आहे, इतकं आम्हाले समजायचं.

इतवारीच्या बाजारात धागा आणाले गेली तं ठोक दुकानात प्रदर्शनाची जाहिरात लागली होती. गोधडी स्पर्धा. गट तीन. हातशिलाई, घरगुती मशीन, अन् मोठ्या फ्रेमवर चालणारी कॉम्प्युटर मशीन. त्याच्यात कॉम्प्युटरच सुई फिरवते, माणसानं फक्त नक्षी निवडायची. घरी येऊन मेघाले म्हणलं, "तुही गोधडी देऊ काय?" ती म्हणली, चालते. मी नाव टाकून देल्लं. गट, घरगुती मशीन.

नियम लय होते. गोधडीवर केस नको, खडूची रेघ नको, कोणताच वास नको, सेंटही मारायचं नाही. आमच्या घरात सगळ्यालेच फोडणीचा वास येते, प्रेमानंदलेही. मी गोधडी गच्चीवर नेली, रोज पलटवत राहिली, रोज नाक लावत राहिली. वामनराव त्यायच्या गच्चीवरून पाहायचे. "वहिनी, पापड आहे काय?" म्हणायचे.

प्रदर्शनाच्या दिवशी ते आमच्यासंगं सदरले आले. पैज आहे म्हणून. येताना खिशात मोजपट्टी घेऊन आले, कोणावर विश्वास नको म्हणून. हॉल मोठा, एसी असा का बाहेरचा घाम आत गेल्यावर अंगावरच गार पडला. समोर लांब टेबल, त्याच्यामागं जज गार्गी मॅडम. पांढरे केस, चष्मा गळ्यात. दोन पोट्ट्या हातात पांढरे मोजे घालून एक एक गोधडी आणायच्या, उघडायच्या, उलटवायच्या. बनवणाऱ्या बाया खुर्च्यांवर. कोणाची कोणती ते सांगायचं नाही, नाव झाकलेलं. मॅडम सगळ्यांसमोर बोलायच्या, अन् त्यायची एक रीत होती. आधी चांगलं सांगायचं, मंग उणं.

हत्तीवाली एक आली. लय मोठी, दाराएवढा हत्ती. मॅडम म्हणल्या, "रंग फार छान निवडलेत." मंग कडेची पट्टी दोन बोटांत दाबली. "ही पट्टी आतून पोकळ आहे. शेवटपर्यंत कापूस भरलेला हवा." दुसरी आली, मोराची. "कल्पना सुंदर आहे. पण खालचा धागा वर डोकावतोय, हे पांढरे ठिपके बघा. ताण बिघडलाय." तिसरीचे कोपरे त्यायनं काटकोनाचा गुण्या लावून पाह्यले.

वामनराव माझ्या कानाशी आले. "वहिनी, या बाईले आमच्या खात्यात घ्या लागत होतं."

"काहून जी? तुम्ही तं डोळे मिटून पाहणारे."

"ते सोडा. पाहा ना, मापावर बोलून राहिली. आपलं-परकं नाही." ते खुर्चीत पुढं सरकले. पैज त्यायच्या ध्यानातून गेली होती, असं मले वाटलं.

मंग मेघाची आली. पोट्ट्यायनं उघडली. नुसत्या कतरनीचे चौकोन, हत्ती नाही, मोर नाही. मागच्या रांगेत कोणी तरी मोबाईल काढला अन् पाहत बसलं. मॅडमनं चष्मा लावला. वाकल्या. मंग भिंग घेतलं. उलटवाले लावली, मागून पाह्यलं, परत सरळ करवली. इतका वेळ त्यायनं हत्तीले देल्ला नव्हता.

"ताण एकसारखा," त्या म्हणल्या. "टाका एका लांबीचा. वळणावरसुद्धा. कडा भरलेल्या, कोपरे चोख. गाठी कुठे आहेत, मला सापडत नाहीत. आज पाहिलेल्यांत सगळ्यात स्वच्छ काम."

वामनराव मोजपट्टी खिशातून काढून परत खिशात ठेवत होते. मी मेघाकडं पाह्यलं. ती एसीकडं पाहत होती.

"पण ही चुकीच्या गटात आली आहे," मॅडम म्हणल्या. "घरगुती मशीनवर कापड हातानं फिरवतात. हात थकतो. वळणावर टाका लांबतो. माणूस चहाला उठतो, परत येऊन बसतो, तिथे धागा जाड दिसतो. कंटाळा येतो, ते दिसतं. इतक्या मोठ्या गोधडीत शिवणारी कुठेच दमलेली नाही. हे माणसाचं काम नाही. कॉम्प्युटरचं आहे."

मी उभी राहिली. "मॅडम, आमच्या घरी कॉम्प्युटर नाही. टीव्ही आहे, तोही रिमोट आपटल्याशिवाय चालत नाही."

हॉलमधी हसू फुटलं. मॅडम नाही हसल्या, चिडल्याही नाही. "ताई, बनवणाऱ्यांनी बोलायचं नसतं."

"मी बनवली नाही. मी सासू आहो. सासूनं बोलू नये असं तुमच्या नियमात नाही, मी वाचून आली."

"मग बनवणारी कोण?"

मी मेघाले हातानं उठवलं. ती उठली. कोणी उठवलं तं ती उठते. मॅडमनं तिले पाह्यलं, आवाज जरा मऊ केला. "हे बघ, चुकून झालं असेल. बाद करण्यापेक्षा मी ही कॉम्प्युटर गटात ठेवते. स्पर्धेत राहील. तिथेही ही पुढेच असेल. चालेल?"

सगळ्यायले वाटलं, झालं. नंबरही येईन अन् भांडणही नाही. वामनरावही मान डोलवत होते, हरायची वेळ आली तरी. मले त्या एका शब्दाची भीती वाटली. समोरच्यानं तिच्या तोंडात तो ठेवूनच देल्ला होता.

मेघानं गोधडीकडं पाह्यलं. 

"नाही," ती म्हणली.

मॅडमनं भुवई वर केली.

"मी शिवली. हातानं फिरवून," मेघा म्हणली. आवाज असा निघाला का नळाले लय दिवसानं पाणी आलं, आधी हवा, मंग गढूळ, मंग पाणी.

मी खुर्चीवर बसली. या 'नाही'चीच मी इतके महिने वाट पाहत होती. मले वाटलं होतं, ते ऐकलं का मी हसन नाही तं रडन. दोन्ही झालं नाही. वामनरावनं विचारलं, "काय झालं वहिनी?" मी म्हणलं, एसी लागून राहिला.

मॅडमनं न्यायाची गोष्ट केली. म्हणल्या, उद्या तुझी मशीन घेऊन ये. इथं सगळ्यांसमोर एवढा तुकडा शिवून दाखव. त्यायनं आपला पंजा पसरून दाखवला. टाका जुळला तं ही गोधडी याच गटात, अन् मी माझे शब्द परत घेते.

घरी गेल्यावर मेघानं मशीन उघडली. तेल घातलं, पुसली, सुई बदलली, मंग जुनीच लावली. सकाळी तिनं एक कुडता घातला, काढला, दुसरा घातला. मी दारातून पाहत होती. मी म्हणलं, "पहिला चांगला होता."

"तो बाहीत अडकते," ती म्हणली.

ऑटोत मशीन तिनं मांडीवर घेतली. वामनराव समोर डायव्हरच्या बाजूले, अर्धे बाहेर. रस्त्याच्या प्रत्येक गड्ड्यावर ते डायव्हरले म्हणत होते, "हळू गा, आत मशीन आहे." डायव्हरनं विचारलं, कायची? ते म्हणले, "ते तुले नाही समजणार. मापाची गोष्ट आहे."

हॉलमधी टेबल ठेवलं होतं, बाजूले खुर्ची. आज लोक जास्त होते. बातमी फुटली होती. मेघा बसली. दाते खाली पाडले. कपडा सुईखाली सरकवला, दोन्ही हात पसरले, पाय पेडलवर ठेवला.

आवाज सुरू झाला अन् मले तवाच समजलं. हा तो आवाज नव्हता. घरी तो कूलरसारखा यायचा. इथं मशीन धावली, मंग दबली, मंग थांबली. मेघानं हात कुडत्याले पुसले. परत धावली. ती ओठ चावत होती. तिच्या कपाळावर घाम होता, त्या एसीत. एका जागी जिलेबी दुसरीवर चढली. तिनं पाह्यलं, दात खाल्ले, पुढं गेली. तिले ते पाहिजे होतं. इतक्या महिन्यानं तिले काही तरी पाहिजे होतं, अन् पाहिजे होतं म्हणून जिलेबी चुकत होती. माझ्या शेजारी वामनराव खुर्चीच्या कडेवर बसून हवेतच दोन्ही हात फिरवत होते, जसा कपडा त्यायच्याच हाताखाली आहे.

मॅडमनं तुकडा घेतला. गोधडी बाजूले ठेवून भिंग लावलं. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. लहान टाका, मोठा टाका, गाठ, जाड जागा. माणसाचं काम कसं ओळखायचं ते त्यायनं काल सांगितलं होतं, ते सगळं त्या तुकड्यात होतं.

"हा हात वेगळा आहे," त्या म्हणल्या.

"हात तोच आहे," मेघा म्हणली. "तवा मले काही वाटत नव्हतं, मॅडम. काहीच नाही. आता वाटून राहिलं."

 मॅडमनं चष्मा काढला, तो गळ्यात लोंबला. "मी फक्त टाका पाहू शकते," त्या म्हणल्या. "बाकीचं पाहायला मला इथं बसवलेलं नाही." त्यायनं तुकडा घडी करून मेघाच्या हातात देल्ला. ती बाई वाईट नव्हती. तिच्या जागी वामनराव असते तं त्यायनंही तेच केलं असतं, अन् ते त्यायले माहीत होतं, म्हणून ते खाली पाहत होते.

गट बदलाले मेघानं नाही म्हणलं होतं, म्हणून गोधडी बाद झाली. गटाचा पहिला नंबर कळमेश्वरच्या एका बाईले मिळाला, पोपटाच्या गोधडीले. निघताना मेघा त्या गोधडीपाशी गेली, कोपरा पाह्यला, वाकून पट्टी पाह्यली.

ऑटोत बसल्यावर म्हणली, "कोपरे ढिले आहेत तिचे."

"बरं," मी म्हणलं.

"पट्टीही पोकळ आहे."

"बरं."

मंग सगळा रस्ता ती मशीन मांडीवर धरून बाहेर पाहत राहिली. घरी गेल्यावर मी विचारलं, काय भाजी करू? ती म्हणली, काहीही. "चालते" नाही म्हणली, पण जवळपास तेच. गोधडी तिनं घडी करून पलंगपेटीत टाकून देल्ली, मशीनले टोपण घातलं. टोपण तसंच राहिलं. घरात आवाज नव्हता. प्रेमानंद म्हणला, झोप येत नाही. मले वाटलं, एक 'नाही' निघालं होतं तिच्या तोंडातून, तेही त्या हॉलमधी ठेवून आलो आपण. मी पाल परत मसाल्याच्या डब्यात ठेवाले गेली, पण ठेवावीशी वाटली नाही. ती कशी पुसून जागेवर ठेवीन ते पाहाची मले हिंमत नव्हती.

वामनराव घरी आले. दारातच उभे. "वहिनी, पैज रद्द."

"कशी रद्द?"

"हे काही हारणं-जिंकणं नाही. पोरीनं तं शिवली होती. मी डोळ्यानं पाह्यलं."

"तुम्ही वजनमापवाले ना? काटा जे दाखवते ते दाखवते. टाळी झाली होती."

"मले काही नाही पाहिजे."

"मले पाहिजे," मी म्हणलं. "उद्या तुम्ही हारान तवा तुम्हीही रद्द म्हणान. गल्लीची रीत मोडते मंग."

खरं सांगू, मले नुसतं काही तरी करायचं होतं. रीत वगैरे मंग सुचली.

नवतपा लागला. चंद्रभानचा ठेला चौकात कडुनिंबाखाली. तो सकाळीच पोहे संपवून निघून जाते, पण त्या दिवशी मुद्दाम थांबला. बातमी त्यानंच पसरवली होती. अर्धी गल्ली आली. पोट्टे मोबाईल काढून. डोक्यावर दुपट्टे, तोंडाले रुमाल, एकजण कांदा खिशात घालून आला होता, उन्हाची लू लागू नये म्हणून. मी दुकानातून निघाली, गोधडी काखेत. मेघाले मी सांगितलं नव्हतं. पलंगपेटीतून काढली तवा ती आंघोळीले गेली होती.

सावलीत नाही, उन्हात उभं राहायचं, असं ठरलं होतं. मी मधात उभी राहिली, गोधडी डोक्यावरून घेतली, समोर धरली. पोट्ट्यायनं शिट्ट्या मारल्या.

"काकू, थंडी वाजून राहिली काय?"

"हो गा," मी म्हणलं. "मोजे घरी राहिले."

वामनराव बाजूले उभे, पाण्याची बाटली धरून. ते हसत नव्हते. "वहिनी, दोन घास खा अन् काढा," ते हळूच म्हणले.

"पूर्ण प्लेट. एक्स्ट्रा तर्री. तुम्हीच म्हणले होते."

चंद्रभाननं पोह्यावर तर्री ओतली, लाल, चण्याची, वर तेलाचा थर. मी एक हात गोधडीबाहेर काढून प्लेट घेतली. ऊन डोक्यावर होतं. आतमधी भट्टी. पाठीवरून घाम चालला होता. पण मले असं वाटत होतं जसं ती दुसऱ्या कोणाची पाठ आहे. मी एक चमचा खाल्ला, पोट्ट्यायले डोळा मारला. दुसरा खाल्ला. तिसरा घ्याले गेली तं घामानं बोटं निसटली, प्लेट वाकडी झाली, अन् तर्री गोधडीवर. मधोमध. चार-पाच चौकोन लाल.

मी मुद्दाम सांडली असं वामनराव आजही म्हणतेत. मुद्दाम नाही सांडली. पण माझं कोण ऐकते.

गर्दी मागून फाटली. मेघा होती. ओले केस, पायात दोन वेगळ्या चपला. गोधडी पलंगपेटीत नाही हे पाहून निघाली असन.

"आई, हे काय आहे?"

"पैज, पोरी. हारली मी."

"मी ते नाही विचारून राहिली. हे काय आहे?" तिनं डागावर बोट ठेवलं. "हा तेलाचा डाग जाते काय? हळद आहे त्याच्यात. जाते काय हा?"

"सांडलं."

"सांडलं कसं? प्लेट सरळ धरता येत नाही? माझी गोधडी घेऊन आल्या, मले विचारलं काय? एकदा तरी विचारलं काय कोणी? स्पर्धेत टाकली तवाही विचारल्यासारखं केलं अन् नाव टाकून देल्लं. पाठ गेली माझी याच्यात. बोटं पाहा. पाहा ना."

तिनं बोटं माझ्या तोंडासमोर धरली. पोट्ट्यायचे मोबाईल खाली आले. चंद्रभाननं झारा धरलेला हात तसाच ठेवला.

वामनराव मधात पडले. "जाऊ दे वं मेघा, गंमत होती."

"तुम्ही तं बोलूच नका काका. म्हशीले नंबर देतेत म्हणत होते. मी ऐकत होती तिथं बसून."

वामनराव बाटली घेऊन मागं सरकले, बायकोच्या बाजूले जाऊन उभे राहिले. बायकोनं त्यायले जागा नाही देल्ली.

"काढा ती," मेघा मले म्हणली.

"पोहे संपल्याशिवाय काढता येत नाही," मी म्हणलं. "पैज आहे. सगळे साक्षीदार आहेत."

ती माझ्याकडं पाहत राहिली. रागानं तिचं तोंड लाल झालं होतं, अन् मी ते तोंड पाहत राहिली. कढईवरचं झाकण कोणी काढावं तशी एक वाफ माझ्या मानेपासून वर आली, अन् मले पहिल्यांदा समजलं का लय उकडून राहिलं.

मेघानं पुढं होऊन गोधडीचा खालचा भाग दोन्ही हातानं उचलला, प्लेटपासून दूर धरला, जसं कोणाच्या लग्नात साडीचा घोळ धरतेत. "खा," ती म्हणली. "पण आता एक थेंब पडला तं पाहा. अन् पाठीचा घाम पुसा आधी, आतलं लुगडं खराब होऊन राहिलं. कोणाले काही समजत नाही या घरात. पांढरं अस्तर उन्हात पिवळं पडते, इतकंही नाही समजत, अन् म्हणे मॅचिंग सेंटर चालवतेत."

ती बोलत राहिली. चंद्रभाननं मले कमी पडलेली तर्री वरून परत घातली. मी पोहे हळूहळू खाल्ले, एक एक चणा वेगळा काढून.